कचऱ्याचा नकाशा, की मोजणाऱ्यांचा?

किनारा सफाईला दोन प्रकारची माणसं लागतात. एक वाकणारी, दुसरी लिहिणारी. वाकणारा ओरडतो, "तीन बाटल्या, एक चप्पल, गुटख्याच्या पुड्या... थांब, अकरा!" आणि लिहिणारा चिमटा लावलेल्या पुठ्ठ्यावरच्या कागदावर काड्या मारत जातो. चार उभ्या, पाचवी आडवी. वाऱ्याने कागद फडफडतो, हात ओले असतात, पेन उठत नाही म्हणून पेन्सिल. दोन तासांनी त्या कागदाला वाळू, घाम आणि कसला तरी कुबट वास चिकटलेला असतो. किनाऱ्यावर येणाऱ्या कचऱ्याबद्दल जगाकडे जे आकडे आहेत, त्यांतले पुष्कळसे अशाच कागदांवरून आलेले आहेत.

मी लिहिणाऱ्यांपैकी. पुढे त्या काड्यांचे तक्ते, आलेख आणि नकाशे करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, कारण "मला एक्सेल येतं" असं एकदा गटात बोलून गेले होते. हे आकडे चित्रात कसे उतरतात आणि उतरताना कुठे घसरतात, ते त्या अनुभवावरून सांगते.

नुसता कचरा उचलायचा नाही, तो लिहूनही ठेवायचा, ही पद्धत रूढ झाली ती १९८६ साली अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावरून. लिंडा मारानिस आणि कॅथी ओ'हारा या दोघींनी तिथे सफाई ठरवली, सुमारे २,८०० लोक आले, आणि प्रत्येकाला सांगितलं गेलं की पोत्यात टाकण्याआधी वस्तू कोणती ते नोंदवा. पोती भरली की नुसतं वजन कळतं. काय काय सापडलं ते लिहिलं की ते आलं कुठून, याचा माग लागतो. त्या एका दिवसाचा पुढे आंतरराष्ट्रीय किनारा सफाई दिन झाला, दर सप्टेंबरचा तिसरा शनिवार. ओशन कॉन्झर्व्हन्सी ही अमेरिकेतली संस्था जगभरातल्या या नोंदी 'टाइड्स' नावाच्या एका माहितीसाठ्यात ठेवते. आता कागदाऐवजी मोबाइलवर क्लीन स्वेल किंवा डेब्रिस ट्रॅकर अशी ॲप आहेत. बोट टेकवलं की वस्तू, वेळ आणि जागा तिन्ही नोंदले जातात. पेन्सिल मात्र मी अजून जवळ ठेवते. ओल्या बोटांना मोबाइल दाद देत नाही.

माझा पहिला नकाशा बघायला झकास होता. प्रत्येक किनाऱ्यावर एक लाल गोळा, जितक्या वस्तू जास्त तितका गोळा मोठा. मुंबईवर टपोरे गोळे आणि खाली दक्षिणेकडे जवळजवळ काहीच नाही. बघणाऱ्याला वाटावं, मुंबई सोडली तर सगळं कोकण लख्ख आहे. गटातल्या एकाने तर "बघा, आपलं गाव किती स्वच्छ!" म्हणून तो पुढेही पाठवला. वास्तविक त्या गावात सहा जण गेले होते आणि मुंबईतल्या किनाऱ्यावर कॉलेजची अख्खी तुकडी उतरली होती. जिथे हात जास्त तिथे वस्तू जास्त. मी काढला होता तो स्वयंसेवकांचा नकाशा आणि शीर्षक दिलं होतं कचऱ्याचं.

शिरगणतीत ज्या वाडीवर गणक पोहोचलाच नाही, तिची लोकसंख्या शून्य धरावी, तसला हा प्रकार. यात एक क्रूर विनोदही आहे. वर्सोव्याला ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह यांच्या पुढाकाराने माणसं आठवड्यामागून आठवडे कचरा उपसत राहिली. अशा किनाऱ्याचे कच्चे आकडे तसेच नकाशावर टाकले, तर ज्यांनी सर्वांत जास्त साफ केलं त्यांचाच किनारा सर्वांत घाण दिसेल.

यावरचा उपाय शाळेतलाच आहे, भागाकार. भागायचं कशाने, एवढाच प्रश्न. माणसांनी भागलं तर दहा वर्षांचं पोर आणि कसलेला कार्यकर्ता सारखेच धरले जातात. तासांनी भागलं तर चहाचा अर्धा तासही हिशेबात येतो. त्यातल्या त्यात भरवशाची ठरली आहे ती लांबी. ईशान्य अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या देशांचा 'ओस्पार' नावाचा करार आहे. त्याच्या पद्धतीत १०० मीटरचा एक पट्टा ठरवून घेतात, वर्षातून चार वेळा त्याच पट्ट्यावर जातात आणि पाण्याच्या कडेपासून किनाऱ्याच्या मागच्या हद्दीपर्यंत जे सापडेल ते शंभराहून जास्त प्रकारांच्या यादीत नोंदवतात. ब्रिटनमधली मरीन कॉन्झर्व्हेशन सोसायटीही आपल्या स्वयंसेवकांना १०० मीटरच मोजायला लावते.

फरक किती पडतो ते साध्या हिशेबाने बघा. समजा एका किनाऱ्यावर ४०० जणांनी २ किलोमीटर फिरून ६,००० वस्तू उचलल्या, दुसऱ्यावर ६ जणांनी १०० मीटरमध्ये ४५० उचलल्या. कच्च्या आकड्यात पहिला तेरापटीहून घाण. दर १०० मीटरला पहिल्यावर ३०० वस्तू आणि दुसऱ्यावर ४५०. निकाल उलटला. म्हणून आता आमच्या कागदावर सर्वांत वर, वस्तूंच्याही आधी, एक चौकट आहे: 'किती मीटर चाललात?' ती रिकामी असेल तर बाकीचा कागद नकाशापुरता बाद. दोन तास उन्हात राबलेल्या पोरांना हे सांगताना वाईट वाटतं, पण इलाज नाही.

दुसरी चूक रंगाची. जिथे कोणी गेलंच नाही तो भाग मी पांढरा सोडला होता, आणि पांढरं म्हटलं की डोळ्याला स्वच्छ वाटतं. 'मोजलं, काही सापडलं नाही' आणि 'मोजलंच नाही' या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. आता मोजलेलं शून्य मी पोकळ वर्तुळाने दाखवते आणि न मोजलेल्या किनाऱ्यावर राखाडी रेघ ओढते. नकाशाचा मोठा भाग राखाडी होतो, शोभा जाते. जाऊ दे.

गोळ्यांच्या आकाराचंही एक आहे. संख्या दुप्पट म्हणून गोळ्याचा व्यास दुप्पट केला, तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि डोळा क्षेत्रफळ बघतो. बऱ्याच घरगुती नकाशांत दुप्पट कचरा या एका कारणाने चौपट दिसतो.

तिसरी चूक अशी की ती सांगताना मला अजून हसू येतं. एका तुकडीने अक्षांश-रेखांश लिहून पाठवले होते, पण रकाने उलटे. वर्सोवा साधारण १९ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. आकडे उलटवले की होतं ७३ उत्तर, १९ पूर्व, म्हणजे नॉर्वेच्याही उत्तरेला भर समुद्रात. गुटख्याच्या पुड्या थेट आर्क्टिकमध्ये! ज्या नोंदींत जागाच लिहिलेली नसते, त्या संगणक मुकाट्याने शून्य-शून्यवर नेऊन ठेवतो. ही जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात आहे. लोकांनी जमवलेल्या माहितीचा कुठलाही नकाशा हातात आला की आधी तिथे बघावं. ठिपक्यांचा ढीग दिसला तर माहिती निवडून-पाखडून घेतलेली नाही, हे समजतं.

आता सरासरीकडे येऊ. समजा पाच किनाऱ्यांवर दर १०० मीटरला १२, १८, २५, ४० आणि ३,००० वस्तू मिळाल्या. शेवटचा किनारा खाडीच्या तोंडाशी आहे आणि मोजणी उधाणानंतर झाली आहे. पाचांची सरासरी येते ६१९. हा आकडा त्या पाचांतल्या एकाही किनाऱ्याचं वर्णन करत नाही. त्याऐवजी पाचही चढत्या क्रमाने मांडून मधला उचलला, तर येतो २५. याला मध्यक म्हणतात. किनाऱ्यावरचा कचरा असाच वाकडा वाटला गेलेला असतो, बहुतेक ठिकाणी थोडा आणि एखाद्या ठिकाणी डोंगर. म्हणून युरोपात २०२० साली स्वच्छ किनाऱ्याची मर्यादा ठरली, दर १०० मीटरला २० वस्तू, तेव्हा तिथेही हिशेब मध्यकाचाच धरला गेला. आणि सगळे किनारे एकाच आलेखात दाखवायचे झाले तर उभ्या रेषेवर १, १०, १००, १,००० अशा दसपटीच्या पायऱ्या सारख्या अंतरावर आखतात. नाहीतर ३,००० वाला खांब कागदाबाहेर जातो आणि बाकीचे चौघे जमिनीला चिकटतात.

सगळ्याच वस्तू सारखं बोलत नाहीत, हे मला एका काडीने शिकवलं. पांढरी, प्लॅस्टिकची, बोटाएवढी लांब. आमच्या कागदांवर ती कधी 'लॉलीपॉप', कधी 'स्ट्रॉ', बहुतेक वेळा 'इतर' म्हणून पडायची. नीट निरखली तर तिच्या दोन्ही टोकांना बारीक खाचा दिसतात. तिथे कापूस धरलेला होता, तो समुद्राने खाल्ला. कान कोरायची काडी! किनाऱ्यावर येऊन कोणी कान कोरत बसत नाही. ती संडासात टाकली जाते, गटारातून जाते, मैलापाण्याच्या जाळ्यांतून निसटते आणि भरतीबरोबर वर येते. म्हणजे ज्या पट्ट्यावर या काड्या जास्त, तिथे फिरायला येणाऱ्यांना दटावून उपयोग नाही, प्रश्न सांडपाण्याचा आहे. सिगारेटची थोटकं आणि चिप्सची पाकिटं बहुधा बसायच्या जागांभोवती मिळतात. जाळ्याचे तुकडे आणि बोये समुद्रावरून येतात. म्हणून आलेखात 'प्लॅस्टिक' असा एकच भलामोठा खांब उभा केला तर त्यातून काही कळत नाही. वस्तू उगमाप्रमाणे रंगवल्या की लगेच बोलू लागतात.

युरोपियन युनियनने नेमकं हेच केलं. २०१६ सालच्या २७६ किनाऱ्यांवरच्या मोजण्या एकत्र करून साडेतीन लाखांहून जास्त वस्तू क्रमाने लावल्या. निम्म्या निघाल्या एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या, २७ टक्के मासेमारीशी संबंधित. त्या क्रमवारीचा आधार घेऊन २०१९ चा कायदा आला आणि कानाच्या काड्या, स्ट्रॉ, ताटल्या, चमचे, फुग्याच्या काड्या यांच्यावर बंदी आली. आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या केंद्राच्या बंदीच्या यादीतही कानाची काडी आणि फुग्याची काडी आहे.

क्रमवारीचा तक्ता मात्र जपून वाचावा. ओशन कॉन्झर्व्हन्सीच्या यादीत वर्षानुवर्षं सिगारेटची थोटकं पहिली असायची. २०१९ च्या मोजणीत खाऊची वेष्टनं वर गेली, ४७ लाख, तर थोटकं ४२ लाख. पण ही संख्येने केलेली क्रमवारी आहे. एक भलंमोठं फाटलं जाळं तिच्यात 'एक' म्हणून मोजलं जातं, आणि त्याच जाळ्यात कासव अडकतं. वजनाने क्रम लावला तर यादी पार बदलेल.

काळाचा आलेख सर्वांत मोहात पाडतो: यंदा कचरा वाढला की घटला? आपल्या किनाऱ्यावर इथे दोन सापळे आहेत. एक पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर नद्या-नाले भरून वाहतात, समुद्र खवळलेला असतो आणि मुंबईत मोठ्या भरतीला समुद्र आपला कचरा साभार परत करतो. त्यामुळे जुलैची तुलना जुलैशीच करायची, जानेवारीशी नाही. दुसरा सापळा गणपतीचा, आणि तो मला पंचांग उघडल्यावर दिसला. सफाई दिन सप्टेंबरचा तिसरा शनिवार, म्हणजे इंग्रजी तारखेने ठरणारा. गणपती तिथीने येतात. २०२३ साली तिसरा शनिवार १६ तारखेला होता आणि गणेश चतुर्थी १९ ला. विसर्जन व्हायचंच होतं. २०२४ साली अनंत चतुर्दशी १७ तारखेला होऊन गेली आणि सफाई आली २१ ला. म्हणजे एका वर्षी मोजणी गणपतीच्या आधी, दुसऱ्या वर्षी विसर्जनानंतर चौथ्या दिवशी. या दोन वर्षांच्या आकड्यांना सरळ रेषेने जोडलं तर निर्माल्याच्या पिशव्या, हार आणि थर्माकोल यांची उडी दिसेल, आणि ती कचऱ्यात झालेली वाढ म्हणून छापून येईल. अमेरिकेत बसून हा आलेख काढणाऱ्याला ते कसं कळणार? मी आता आलेखात विसर्जनाच्या दिवशी एक उभी रेघ मारते.

मग एवढ्या सगळ्या गोंधळातून खात्रीचं काही निघतं का? निघतं. २०२५ साली 'सायन्स' या नियतकालिकात अ‍ॅना पॅप आणि किंबर्ली ओरेमस यांचा अभ्यास आला. प्रश्न साधा होता: प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली किंवा पैसे आकारले तर किनाऱ्यावरच्या पिशव्या कमी होतात का? त्यांच्या हाती अमेरिकेतल्या ४५ हजारांहून जास्त सफायांच्या नोंदी होत्या, त्याच 'टाइड्स'मधल्या, स्वयंसेवकांच्या काड्यांच्या.

त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. एकूण पिशव्या किती, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते असं: उचललेल्या दर शंभर वस्तूंत पिशव्या किती? सहा माणसं गेली काय किंवा चारशे, शंभरातला वाटा फारसा हलत नाही, कारण जास्त हात आले की पिशव्याही जास्त उचलल्या जातात आणि बाटल्याही. मेहनतीचा घोळ अंशातही येतो, छेदातही येतो आणि कटतो. या युक्तीलाही मर्यादा आहे. उद्या बाटल्या कमी झाल्या तर पिशव्या तेवढ्याच राहूनही त्यांचा वाटा वाढेल. म्हणून दुसरी पायरी. कायदा झालेल्या गावांच्या शेजारी त्यांनी कायदा न झालेली गावं ठेवली.

हा आलेख मनात काढून बघा. आडव्या रेषेवर वर्षं, पण कॅलेंडरची नाहीत. कायदा लागू झाला ते वर्ष शून्य, डावीकडे त्याआधीची, उजवीकडे नंतरची. दोन रेषा, कायदावाल्यांची आणि बिनकायद्यावाल्यांची. शून्याच्या डावीकडे दोन्ही हातात हात घालून चालल्या पाहिजेत. तिथेच त्या दूर जात असतील तर दोन्हींत मुळात दुसराच काही फरक आहे आणि पुढचं सगळं व्यर्थ. शून्यानंतर त्या फाकल्या, तर ती फट म्हणजे कायद्याचा परिणाम. या अभ्यासात फट निघाली २५ ते ४७ टक्क्यांची, तेवढा पिशव्यांचा वाटा कायद्याच्या गावी तुलनेने कमी. 'तुलनेने' या शब्दावर बोट ठेवा. दोन्हीकडे पिशव्यांचा वाटा वाढतच होता, कायदा होता तिथे कमी वेगाने. कायदावाल्यांची एकच रेष काढली असती, तर कोणीही म्हणालं असतं, "बघा, बंदी करूनही पिशव्या वाढल्या!" पातळ पिशव्या बंद आणि जाड चालू, अशा अर्धवट बंदीचा परिणाम सर्वांत कमी दिसला.

ब्रिटनमध्ये पिशवीला पैसे आकारणं वेल्समध्ये २०११ ला सुरू झालं आणि सर्वांत शेवटी इंग्लंडमध्ये, ऑक्टोबर २०१५ ला. तिथल्या १०० मीटरच्या मोजण्यांत २०१४ साली सरासरी पाच पिशव्या मिळायच्या, २०२३ साली एक. तोच पट्टा, तीच यादी, वर्षानुवर्षं, म्हणून हे म्हणता येतं.

सगळे प्रश्न 'किती' असे नसतात, हेही सांगायला हवं. मे १९९० मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये वादळात हान्सा कॅरिअर नावाच्या जहाजावरून कंटेनर पडले, त्यांत नायकेचे हजारो बूट होते. महिन्यांनंतर ते अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला लागू लागले. डावा एका गावी, उजवा दुसऱ्या गावी. लोकांनी जोड्या जुळवायला मेळावे भरवले म्हणे! सिएटलचे समुद्रशास्त्रज्ञ कर्टिस एबेसमायर यांनी किनाऱ्यावर भटकणाऱ्या हौशी मंडळींकडून कोणता बूट कुठे आणि कधी सापडला ते गोळा केलं, बुटावरच्या क्रमांकावरून तो त्याच जहाजाचा असल्याची खात्री केली, आणि जेम्स इंग्रॅहम यांच्या संगणकातल्या प्रवाहांशी ताडून पाहिलं. जानेवारी १९९२ मध्ये २८,८०० प्लॅस्टिकची बदकं, कासवं, बेडूक आणि बीव्हर असेच सांडले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अलास्कातल्या सिटका गावाजवळ लागू लागले. इथे कोणी किती मीटर चाललं याने बिघडत नाही. कुठून सुटलं ते माहीत, कुठे लागलं ते माहीत, मधली रेघ ओढायची. आमच्या काड्यांना असा जन्मदाखला नसतो.

अलीकडे मी संगणकाआधी वाळूवर आलेख काढते. ओहोटीच्या घट्ट ओल्या वाळूत एक दोर ताणायचा, तिथपासून प्रत्येक वस्तूची एक ओळ. पहिल्या वेळी फसले होते. पन्नास बाटल्यांची ओळ लांबलचक आणि पन्नास थोटकांची हातभर. मग काठीने वीत-वीतभर चौकटी आखल्या, एका चौकटीत दहा वस्तू, बाटली असो की थोटूक. शाळेच्या पोरांना यात काही समजावून सांगावं लागत नाही. ती ओळींवरून चालतात आणि पावलं मोजतात.

मागच्या खेपेला सर्वांत लांब ओळ 'दोरी' ची होती. जाळी विणत बसलेल्या एक कोळीण मावशी उठून आल्या, ओळीकडे बघितलं आणि मला विचारलं, हे सगळं एकच कसं? मग खाली बसून त्यांनीच वेगळं केलं. हा डोलीचा, म्हणजे डोल जाळ्याचा दोर, हा ट्रॉलरचा, आणि ही तर जाळ्याची नाहीच, खोक्यांना बांधायची पट्टी. लांब ओळीच्या तीन आखूड ओळी झाल्या आणि गुटख्याच्या पुड्या पहिल्या आल्या. पुढच्या कागदावर आम्ही 'दोरी'च्या जागी तीन रकाने छापले. जुन्या वर्षांशी तुलना करायची तर आता तिन्हींची बेरीज करावी लागते, तशी तळटीप मी आलेखाखाली टाकली आहे.